माडीवरचं पाणी

डोंगरावरच्या त्या गावातली निम्मी छपरं मिस्त्रींच्या हातची होती आणि त्यांतलं एकही गळत नव्हतं. गळत होतं ते त्यांच्या स्वतःच्या घराचं. पाऊस आला की मिस्त्रीणबाई उठून अंथरुणाच्या उशाशी घमेलं ठेवायच्या आणि नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणायच्या, लोकांच्या डोक्यावर छप्पर घालणाऱ्याशी लग्न केलं आणि माझ्या डोक्याशी घमेलं आलं. मिस्त्री झोपेचं सोंग घ्यायचे. घोरण्याचा आवाज जरा जास्तच काढायचे, म्हणजे बाईंना कळायचं की ऐकलंय.

लग्न झालं तेव्हा त्यांनी शब्द दिला होता: घरावर एक माडी चढवीन, तिला दरीकडे मोठी खिडकी ठेवीन, आणि तू तिथं उन्हात पाय पसरून बसशील. मग कुणाचं घर निघालं, कुणाचा गोठा, शाळेची भिंत, आणि तो शब्द आपला मागं मागं सरकत राहिला. बाईंनी तगादा कधी लावला नाही, पण विसरूही दिलं नाही. नवा पाहुणा आला की त्या हात वर करून आढ्याकडे दाखवायच्या आणि सांगायच्या, ही आमची माडी, अजून दिसत नाही एवढंच.

मिस्त्रींचे गुडघे कुरकुरायला लागले, बाहेरची कामं तरण्या पोरांनी उचलली, तेव्हा कुठं त्यांना सवड झाली. मुलगा मालाची गाडी घेऊन खाली-वर करायचा, आठवड्यातून एकदा घरी यायचा. त्याच्या गाडीतून वाळू, खडी, सळ्या आल्या. भिंती उभ्या राहिल्या, दरीकडे खिडकी आली, आणि एका सकाळी चार जुने सोबती बोलावून मिस्त्रींनी माडीवर स्लॅब ओतला. त्या दिवशी त्यांनी कुणाच्या हातात थापी दिली नाही. कडेची शेवटची घोटाई करून खाली उतरले तेव्हा बाईंनी त्यांचे हात स्वतः धुतले. नखांतलं सिमेंट काढता काढता म्हणाल्या, "दिसायला लागली बरं का माडी."

आता राहिलं पाणी.

ओतलेल्या स्लॅबला पाणी पाजावं लागतं, नाहीतर तो तडकतो, हे कुणीही गवंडी सांगेल. पण या गावाची रीत वेगळी. इथं स्लॅबवर मातीचे हातभर लांबीरुंदीचे वाफे घालायचे, ते पाण्यानं भरायचे, आणि पाणी महिनाभर हलू द्यायचं नाही. मिस्त्रींना ही रीत त्यांच्या उस्तादानं शिकवली होती. उस्ताद म्हणायचा, थंडीत सिमेंट आळशी होतं, त्याला घाई केलीस तर ते तुझं नाक कापील. खालच्या मुलखातले गवंडी आठ-पंधरा दिवसांत पाणी सोडतात, असं कुणी म्हटलं की मिस्त्री हसायचे आणि म्हणायचे, त्यांना म्हणावं, तुमचे स्लॅब तुम्हांला लखलाभ. तेव्हा गारठाही तसाच असायचा. सकाळी वाफ्यांवर बर्फाचा काचेसारखा पापुद्रा धरायचा आणि मिस्त्री तो थापीच्या मुठीनं टकटक करून फोडायचे. त्या आवाजावरून शेजारणी ओळखायच्या, मिस्त्री कुणाच्या घरावर आहेत ते.

स्वतःच्या माडीवर तर त्यांनी वाफे असे आखले की एखाद्यानं त्यांत फुलं लावावीत. रोज सकाळी कमी झालेलं पाणी भरायचे. त्यात पडलेलं पान, पीस बोटानं उचलायचे. सुनेला सांगायचे, या पाण्यात तुझं तोंड बघून घे.

सून खालच्या नदीकाठची. ती लग्न होऊन डोंगरावर आली तेव्हा तिच्या ट्रंकेतून एक मच्छरदाणी निघाली होती. तिच्या आईनं घडी घालून, कापूर ठेवून दिलेली. ती उलगडली आणि घरात हसण्याचा पूर आला. या गावात डास? हिवाळ्यात माणसं आखडतात इथं, डासाची काय कथा. कुणाच्याच घराला मच्छरदाणी टांगायला खिळा नाही की आकडा नाही. सासूबाईंनी तिचं रोपांवर पांघरूण केलं, चिमण्या टोचू नयेत म्हणून. मग ती मिस्त्रींच्या हाती पडली. गिलाव्याची बारीक वाळू चाळायला याहून चांगली चाळणी नाही, असा शोध त्यांना लागला आणि मच्छरदाणीचा एक कोपरा कामाला गेला. सून रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, माझ्या आईनं दिलेली वस्तू तुमच्या गावभर भिंतींत गेलीय. आता या गावावर माझा हक्क आहे."

त्या वर्षी सुनेला दिवस गेले होते. मिस्त्रीणबाईंच्या मनात माडी आता फक्त स्वतःची राहिली नव्हती. खिडकीपाशी पाळणा कुठं ठेवायचा ते त्या खाली बसूनच ठरवत होत्या.

आणि अशातच त्यांना ताप आला.

आधी थंडी वाजली. अशी की दात वाजायला लागले, एकावर एक तीन घोंगड्या घातल्या तरी पलंग हलायचा थांबेना. मग अंग तापून लाही, मग घामानं सगळं भिजून चिंब. दुसऱ्या दिवशी बाई उठल्या आणि काहीच झालं नाही अशा झाडलोट करायला लागल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मिस्त्रींनी निदान केलं: ओल्या घराची सर्दी, वरून गारवा उतरतोय. त्यांनी चुलीत विटा तापवल्या, फडक्यात गुंडाळून बायकोच्या पायांशी ठेवल्या आणि दर थोड्या वेळानं हात घालून बघत राहिले, वीट गार तर झाली नाही ना. बाई तशा तापातही म्हणाल्या, आयुष्यभर विटा वाहिल्यात, आता माझ्यावर रचणार आहात का?

सुनेनं मात्र ही थंडी लहानपणी पाहिली होती. एक दिवस ताप, एक दिवस सुट्टी. तिनं हिवतापाचं नाव काढलं तर सासूबाईंनीच तिला झटकलं. बाई गं, तो तुमच्याकडचा. इथं कुणी डास पाहिलाय का? सुनेनं पाहिला होता. पलंगामागच्या भिंतीवर एक बसला होता, शेपटाकडची बाजू वर करून, कवायतीत उभा राहिल्यासारखा. तिनं वाद घातला नाही. नवरा गाडी घेऊन आला त्या दिवशी तिनं सासूबाईंना घोंगडीसकट पुढच्या सीटवर बसवलं आणि आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बोटाचं रक्त काचेवर घेतानाच विचारलं की इतके दिवस कुठं होतात. या वर्षी डोंगरावरचे असे बरेच येताहेत, म्हणाले, आणि सगळे हेच म्हणतात, आमच्याकडं डास नाही. तपासणीत हिवतापच निघाला. गोळ्या मिळाल्या. ताप उतरला तरी त्या शेवटापर्यंत संपवायच्या, मध्ये सोडायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. सुनेची तपासणीही तिथंच झाली. ती निरोगी निघाली. पण डॉक्टर तिला म्हणाले, या दिवसांत हा ताप आईलाही जड जातो आणि पोटातल्या बाळालाही. तू डासापासून जप.

घरी ते ऐकून मिस्त्रींचा चेहरा उतरला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कंबर कसली. डास गावात आलाच कसा, याचा त्यांना राग होता. बिनबोलावता पाहुणा आपल्याच घरात जेवून गेल्यासारखा. त्यांनी घमेलं घेतलं, थापी घेतली आणि गल्ली पालथी घातली. शिंप्याच्या दारातलं गटार बुजवलं. दूधवाल्याच्या गोठ्यामागच्या डबक्यात खडी ओतली. शाळेच्या मास्तरीणबाईंच्या अंगणात फुटका माठ पडला होता, तो उलटा करताना त्यांना जरा बोललेही, शिकलेल्या बाईनं असं करावं का म्हणून. मास्तरीणबाई नुसत्या मिस्त्रींच्या घराकडे वर बघत राहिल्या. मिस्त्रींना वाटलं, माडी बघताहेत. त्यांनी खुशीत सांगितलं की अजून पंधरा दिवस पाणी ठेवायचंय.

दोन दिवस उलटले तशी आरोग्य केंद्रातली एक पोरगी घरोघर फिरायला आली. तिच्या खांद्याला पिशवी आणि हातात लांब दांड्याची पांढरी पळी, म्हणून गावानं पहिल्याच दिवशी तिचं नाव पळीवाली ठेवून टाकलं. मिस्त्री तिला घेऊन गल्लीभर हिंडले. हे बुजवलं, ते उलटं केलं, इथं झाकण घातलं. तिनं सगळ्याला मान डोलावली. मग घरापाशी येऊन थांबली, डोळ्यांवर हात धरून वर बघितलं आणि विचारलं, "काका, वर काय आहे?"

मिस्त्री म्हणाले, वर काही नाही, वर माझं स्वच्छ पाणी आहे. तान्ह्या बाळाला पाजावं असं.

ती म्हणाली, या डासाला तसलंच लागतं. गटार त्याला आवडत नाही. आणि मिस्त्रींच्या तोंडातून पुढचा शब्द निघायच्या आत शिडी चढलीसुद्धा.

वर गेल्यावर तिनं वाफ्यात पळी बुडवली आणि मिस्त्रींच्या पुढं धरली. पांढऱ्या पळीत काळे बारीक दोरे पाण्याच्या अगदी पृष्ठभागाला चिकटून आडवे पडले होते. मिस्त्री म्हणाले कचरा आहे. तिनं पळीवर सावली धरली तसे दोरे झटकन मागं सरकले आणि खाली बुडाले. दुसऱ्या वाफ्यातही तेच. तिसऱ्यातही. दरीकडच्या खिडकीवरचा वाफा मिस्त्रींचा सगळ्यांत लाडका, त्यात तर नुसती जत्रा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

मिस्त्रींनी पळी स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा बघितली. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली: डास पूर्वी का नव्हता? खालून गाड्या तर कायमच येतात.

पळीवालीनं सांगितलं की पूर्वीही एखादा गाडीतून येत असेल. पण डासाच्या पोटात गेलेला तापाचा जंतू तिथं पिकावा लागतो, मगच तो पुढच्या माणसाला देता येतो. गारठ्यात तो पिकायलाच तयार नसतो. तो पिकायच्या आधी डास मरून जातो. आता रात्री पहिल्यासारख्या गार पडत नाहीत. ऊब मिळाली की तो भराभर पिकतो. "खाली माणूस आजारी, डोक्यावर अळ्या," ती म्हणाली. "आज-उद्या यांना पंख फुटतील. काकूंना चावतील आणि मग वहिनींना. काका, हे पाणी आजच सोडा."

मिस्त्री म्हणाले, स्लॅबला अजून निम्मेच दिवस झालेत. ती म्हणाली, ते मला कळत नाही, मला एवढंच कळतं. आणि पुढच्या घरी गेली.

मिस्त्री वरच बसले. ऊन दरीच्या पलीकडच्या काठावर गेलं. त्यांना पाणी सोडायचं होतं आणि सोडवतही नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या छपरांवर महिना महिना पाणी राखलं, आणि जी एक खोली बायकोला द्यायची तिचाच स्लॅब कच्चा सोडायचा? तडा गेला तर पुन्हा उशाशी घमेलं. गाव म्हणेल ते वेगळंच. त्यांनी सहज वाफ्यात हात घातला आणि तसाच ठेवला.

पाणी कोमट होतं.

याच दिवसांत, याच वेळेला वाफ्यात हात घातला की बोटं बधिर व्हायची. पापुद्रा फोडायचा शेवटचा टकटक आवाज त्यांनी कधी केला होता? त्यांना आठवेना. आणि मग दुसरं आठवलं. गेली कित्येक वर्षं घमेल्यातला सिमेंटचा माल लवकर घट्ट होत होता. पूर्वी एक घमेलं कालवलं की विडी ओढून व्हायची, आता अर्ध्या भिंतीतच तो दगड होऊ लागला. त्यावरून त्यांनी सिमेंटच्या दुकानदाराचं डोकं खाल्लं होतं. भेसळ करतोस, जुन्या गोण्या देतोस. दुकानदार बिचारा शपथा घ्यायचा. सिमेंट तेच होतं. हवा बदलली होती, आणि ती त्यांच्या हाताला कळली होती, पण डोक्यापर्यंत पोचली नव्हती. उस्तादानं महिना सांगितला होता तो गारठ्यासाठी. गारठाच गेला, तर महिना कुणासाठी राखत होते ते?

उबेत जंतू भराभर पिकतो, पोरगी म्हणाली होती. मग स्लॅबही पिकतोच की.

एवढ्यात खालून शिडीची कुरकुर ऐकू आली. मिस्त्रीणबाई. अंगावर शाल, डोक्याला रुमाल, दोन पायऱ्या चढल्या की एक दम. मिस्त्रींनी तिथूनच त्यांना थांबायला सांगितलं. त्या शिडीच्या मध्यावर थांबल्या, स्लॅबच्या कडेशी फक्त तोंड दिसेल एवढ्या.

सुनेकडून त्यांना सगळं कळलं होतं. त्या सांगायला आल्या होत्या की पाणी राहू द्या. त्या सुनेच्या मच्छरदाणीत झोपतील, सुनेला थोडे दिवस तिच्या आईकडं पाठवू, गोळ्या चालूच आहेत. "तुमच्या हातचा शेवटचा स्लॅब आहे," त्या म्हणाल्या. "माझ्यापायी त्याला बोल लागायला नको. इतकी वर्षं गळकं सोसलं, पंधरा दिवसांचा डास काय मोठा."

मिस्त्रींनी बायकोकडं बघितलं. तापानं गाल बसले होते आणि तरीही ती त्यांच्या स्लॅबची काळजी करत शिडीवर उभी होती.

"अगं, स्लॅब तडकला तर पुन्हा ओतीन," ते म्हणाले. "तू तडकलीस तर तुला कुठून ओतू?"

मिस्त्रींनी थापी उचलली आणि कडेच्या वाफ्याचा बांध फोडला, मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा. पाणी पन्हळीतून खाली कोसळायला लागलं. खाली सून ओरडली, पाऊस आला का म्हणून. बाई शिडीवरूनच म्हणाल्या, "नाही गं, तुझ्या सासऱ्याला अक्कल आली. भांडं लावू नकोस, वाहून जाऊ दे."

पाणी उन्हानं तापलेल्या दगडी अंगणात पसरलं आणि अळ्यांसकट बघता बघता वाळलं.

स्लॅब तसाच उघडा टाकायचा नव्हता, पिकू लागला तरी त्याला ओल हवीच. मिस्त्रींनी शेजाऱ्यांकडून रिकाम्या गोण्या मागितल्या. शिंप्यानं त्या जोडून शिवून दिल्या. आपलं गटार फुकटात बुजवून मिळाल्याचा त्याला आनंद होता. दूधवाल्यानं दिल्या. मास्तरीणबाईंनी दिल्या त्या चांगल्या धुऊन, आणि सोबत एवढंच सांगून पाठवलं की शिकलेल्या बाईकडून आहेत. मिस्त्री त्या दिवशी दाढी खाजवत घरात बसून राहिले. सकाळ-संध्याकाळ गोण्या नुसत्या भिजवायच्या, वर पाणी साचेल एवढं नाही. पळीवाली दोनदा येऊन पळी घेऊन फिरली आणि पळी कोरडीच घेऊन गेली.

बाईंचा ताप गेला. अंगात हुशारी आली तशी त्यांनी गोळ्यांना तोंड वाकडं करायला सुरुवात केली. बरी झाले की आता, कशाला पोटात कडू घालायचं. तेव्हा मिस्त्री रोज गोळी तळहातावर घेऊन त्यांच्यासमोर उभे राहायचे. स्लॅबचं पाणी मी मुदतीआधी सोडलं, म्हणायचे, आता तू गोळी सोडू नकोस. घरात एकानं तरी मुदत पाळायला हवी. बाई गोळी गिळायच्या आणि जीभ दाखवायच्या, लहान पोरीसारखी, गेली बघा.

मग स्लॅबखालचे टेकू-फळ्या काढायचा दिवस आला. मुलगा मुद्दाम थांबला होता. टेकू निघाले, फळ्या निघाल्या, आणि सगळे मान वर करून तडा शोधत राहिले. मिस्त्रींनी स्टुलावर चढून हातोडीच्या दांड्यानं चारी कोपरे वाजवले. तडा कुठंच नव्हता. आणि खाली उतरताना त्यांचे गुडघे कुरकुरले नाहीत, असं सून नंतर सांगायची.

त्याच दुपारी पलंग वर गेला. पळीवालीनं सांगितलं होतं की घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः सुनेनं, मच्छरदाणीतच झोपायचं. सुनेनं ट्रंकेतल्या मच्छरदाणीचा वाळूनं फाटलेला कोपरा शिवला होता, आपल्या जुन्या झग्याचं ठिगळ लावून. खाली तिच्यासाठी नवीन आली होती, ही तिनं सासूबाईंना दिली. आता ती टांगायला आकडे हवेत. मिस्त्रींनी ड्रिलचं मशीन लावलं आणि आपल्याच स्लॅबला भोक पाडायला सुरुवात केली.

भोक पडेना. मशीन घरघर करायचं, पांढरा भुगा मिस्त्रींच्या भुवयांवर साठायचा, आणि टोक होतं तिथंच. एक पातं मोडलं. दुसरं लावलं. मुलगा म्हणाला द्या मी करतो, त्याचंही चालेना. मिस्त्रींनी पुन्हा मशीन हातात घेतलं आणि शिव्या घालायला लागले, स्लॅबला, पात्याला, पात्याच्या दुकानदाराला, आणि जसजसे शिव्या घालत गेले तसतसं त्यांचं तोंड फुलत गेलं. दुसरं पातंही मोडलं.

मिस्त्रीणबाई दरीकडच्या खिडकीत उन्हात पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर मच्छरदाणी, तिच्या चारी कोपऱ्यांना दोऱ्या ओवायचं काम चाललं होतं.

"कच्चा राहिला म्हणत होतात ना?" त्या वर न बघता म्हणाल्या.

मिस्त्रींनी भुवयांवरचा भुगा पुसला आणि मुलाला सांगितलं, दुकानात जा, सगळ्यांत मोठं पातं आण. आणि आकडे जास्तीचे आण, शिंप्यानं विचारलंय, मास्तरीणबाईंनी विचारलंय, गल्लीत एकाच्याही घरात आकडा नाही. मुलगा खाली गेला. मिस्त्री स्टुलावरून उतरले आणि मोठं पातं येईपर्यंत बायकोशेजारी खिडकीत बसून दोरीचं एक टोक धरून राहिले.